पॉवर्ड पॅराशूट शिकताना: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. बीडहून, लातूरहून, परभणीहून मुलं विचारतात, कधी त्यांचे आई-वडील विचारतात. मी आधी विद्यार्थी म्हणून शिकलो. आता जालन्याकडच्या एका मुरमाड माळावर सरावाच्या वेळी जमिनीवरची जबाबदारी सांभाळतो: छत्री मांडायची, वारा बघायचा, गर्दी मागे ठेवायची आणि वेळ पडली तर "आज उड्डाण नाही" असं सांगायचं. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. हे वाचून कुणी एकट्याने उडायला जाऊ नये. शिकवणाऱ्याला काय विचारायचं आणि कुठे थांबायचं, ते कळावं म्हणून हे लिहिलं आहे.

१. पॉवर्ड पॅराशूट म्हणजे नेमकं काय? पॅरामोटर म्हणतात ते हेच का?

छत्री दोन्हींची एकाच तत्त्वावर चालते. कापडाचे कप्पे असतात, पुढून हवा शिरली की ते फुगतात आणि पंखाचा आकार घेतात. फरक खाली आहे. पॅरामोटरमध्ये इंजिन पाठीवर बांधून पळत उडतात. पॉवर्ड पॅराशूटला तीन चाकांची गाडी असते, एक किंवा दोन सीटची, मागे इंजिन आणि गाडीला पुढे ढकलणारा पंखा. हवेत वळायला पायाचे दांडे असतात. उजवा दाबला की छत्रीची उजवीकडची मागची कड खाली ओढली जाते आणि गाडी उजवीकडे वळते. जमिनीवर पुढचं चाक वळवायला बहुतेक गाड्यांना वेगळा हातदांडा असतो. नवीन विद्यार्थ्याचा पहिला गोंधळ इथेच होतो.

वर-खाली जायला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा हातातला दांडा. वेग जवळपास ठरलेला असतो, ताशी ४० ते ५५ किलोमीटर. थ्रॉटल वाढवला की वेग वाढत नाही, उंची वाढते. मोटारसायकल चालवणाऱ्या हाताला हे पटायला वेळ लागतो.

२. खरं सांगा, हे किती धोक्याचं आहे?

धोका आहे. पण लोक समजतात तिथे तो नसतो. सगळं वजन छत्रीच्या खाली लोंबत असतं, त्यामुळे शांत हवेत तुम्ही काहीच केलं नाही तरी गाडी सरळ राहते. म्हणून पहिल्याच फेरीत विद्यार्थी निर्धास्त होतो. मी स्वतः पाहिलेली एकही मोडतोड शंभर फुटांच्या वर झालेली नाही. उड्डाणाची धाव, उतरणं, फिरता पंखा आणि विजेच्या तारा, मला काळजी वाटते ती या चार गोष्टींची. त्यातही धावेची सर्वांत जास्त (प्रश्न ४).

३. इंजिन हवेत बंद पडलं तर दगडासारखे खाली येणार का?

नाही. छत्री फुगलेलीच राहते आणि गाडी तरंगत खाली येते. एक फूट खाली येताना ती साधारण तीन ते चार फूट पुढे जाते. म्हणजे ५०० फुटांवर इंजिन थांबलं तर शांत हवेत साडेचारशे ते सहाशे मीटरच्या टापूत कुठेतरी उतरायचं आहे आणि हाताशी जेमतेम पाऊण मिनिट आहे.

त्यामुळे शिकवताना दर थोड्या वेळाने विचारतात, "आत्ता बंद पडलं तर कुठे?" विद्यार्थ्याने बोट दाखवायचं. बोट दाखवायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तो चुकीच्या जागेवरून उडतो आहे. कुठल्या शेतात उतरावं आणि कुठल्या नाही, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. प्रशिक्षणात सर्वांत जास्त अपघात कशामुळे होतात?

धावेच्या वेळी गाडी उलटून. हे नीट समजून घ्या.

छत्री गाडीच्या मागे जमिनीवर पसरलेली असते. थ्रॉटल दिला की ती आधी मागे भिंतीसारखी उभी राहते आणि ब्रेकसारखी ओढते. मग वर चढते आणि डोक्यावर येते. हा सगळा खेळ काही सेकंदांचा. या वेळात छत्री एका बाजूला झुकली, आणि विद्यार्थ्याने "आपोआप सरळ होईल" म्हणून पूर्ण ताकद दिली, तर झुकलेली छत्री गाडीला आडवी ओढते. एक चाक उचललं जातं, गाडी कलंडते आणि पंखा जमिनीत घुसतो.

माझ्या बाबतीत हेच घडलं. शिकायला लागून दुसरा आठवडा होता, बांधावर पाव्हणे-रावळे धरून वीसेक माणसं बघायला आली होती. छत्री उजवीकडे झुकली आहे हे मला आरशात दिसलं. डावं मागचं चाक हलकं झाल्याचं सीटखाली जाणवलंसुद्धा. तरी हात मागे घेतला नाही, कारण एवढ्या लोकांसमोर धाव अर्धवट सोडायची लाज वाटली. मागच्या सीटवरच्या सरांनी इंजिन बंद केलं तोवर गाडी आडवी झाली होती. पंख्याचं एक पातं मुरमाला लागून तुटलं. त्याचा हातभर तुकडा आम्हाला तीस पावलांवर सापडला, बघ्यांच्या बाजूलाच. कुणाला लागलं नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे बघ्यांना बांधावर उभं राहू देत नाहीत, गाडीच्या मागे किंवा बाजूला तर मुळीच नाही.

उपाय सांगायला सोपा आहे. छत्री ज्या बाजूला झुकली असेल त्याच बाजूला चाक वळवून गाडी छत्रीखाली न्यायची. तेवढ्याने छत्री मधे आली नाही तर थ्रॉटल पूर्ण कमी, इंजिन बंद, दोन्ही दांडे दाबून छत्री खाली पाडायची आणि पुन्हा मांडायची. एका सकाळी चार वेळा मांडावी लागली तरी चालेल. धाव सोडणं हा स्वतंत्र धडा म्हणून शिकवणारा गुरू शोधा. पहिल्या उड्डाणाच्या आधी विद्यार्थ्याने किमान डझनभर वेळा धाव मुद्दाम सोडलेली असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. छत्री नीट उघडली आहे हे चालू धावेत कसं ओळखायचं?

तीन गोष्टी, याच क्रमाने. दोऱ्या मोकळ्या आहेत का? सगळे कप्पे फुगलेत का, विशेषतः दोन्ही टोकांचे? छत्री मधोमध आहे का? तिन्हींना "हो" मिळाल्याशिवाय पूर्ण ताकद द्यायची नाही. टोकाचा एखादा कप्पा बंद असेल तर दांडे हलके दाबून सोडले की बहुतेक वेळा तो उघडतो. पण एखादी दोरी छत्रीच्या वरून गेली असेल किंवा दोऱ्यांत गाठ असेल, तर ती हवेत सुटेल या आशेवर उडू नका.

आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे, सराट्यांची. पावसाळा सरला की माळावर सराटे आणि कुसळं पडलेली असतात. दोऱ्या जमिनीवर मांडल्या की सराटा दोन दोऱ्यांना एकत्र धरून ठेवतो आणि छत्री ताणली की तिथे घट्ट गाठ बसते. नुसत्या नजरेला हे दिसत नाही. मी प्रत्येक जुडगा चिमटीत धरून गाडीपासून कापडापर्यंत चालत जातो. बोटाला टोचलं की थांबतो, सराटा काढतो आणि पुन्हा गाडीपासून सुरुवात करतो. मैदान आधी झाडून घेतलं किंवा मांडायला मोठी ताडपत्री टाकली तर निम्मा त्रास वाचतो.

६. पंख्याला जाळी असते ना, मग त्याची एवढी भीती कशाला?

जाळी दोऱ्या अडवायला असते. माणसाचा हात ती दरवेळी अडवेल असं नाही. इंजिन चालू असताना गाडीच्या मागच्या अर्ध्या भागात कुणीही जायचं नाही, अगदी ओळखीचा मेकॅनिकसुद्धा. पंखा तुमच्या पाठीमागे असल्यामुळे अंगावरून सुटलेली प्रत्येक वस्तू त्यातच जाते: मोबाइल, टोपी, किल्ल्या, खिशातला रुमाल. ओढणी, उपरणं, फेटा, सैल शाल अंगावर नको. लांब केस हेल्मेटच्या आत बांधलेले हवेत.

आता गर्दीबद्दल. आपल्या भागात कुठेही उतरा, दोन मिनिटांत पोरं शेतातून पळत येतात. त्यांना पंखा दिसत नाही, छत्री दिसते. त्यामुळे चाकं टेकली की इंजिन लगेच बंद. "मैदानाच्या कडेपर्यंत चालवत नेतो" हा विचार मनातून काढून टाका. इंजिन बंद केलं तरच खाली येणारी छत्री आणि तिच्या दोऱ्या पंख्यात ओढल्या जात नाहीत.

७. पहाटेच का बोलावता? दहा वाजता ऊन छान असतं की.

छान असतं ते जमिनीवर. काळी जमीन तापली की तिच्यावरची हवा वर उसळते, आणि शेजारच्या पाणी दिलेल्या उसावर तीच हवा खाली बसते. हलक्या छत्रीला या दोन्हींचे हिसके बसतात. मार्च ते मे मध्ये तर नऊच्या आधीच वावटळी उठायला लागतात. वावटळ धुळीने दिसते तोवर ठीक. नांगरलेल्या वावरातून ती हिरव्या पिकावर सरकली की धूळ संपते आणि वावटळ तशीच राहते. मांडून ठेवलेल्या छत्रीवरून वावटळ गेली तर रिकामी गाडीसुद्धा ओढली जाते. म्हणून मांडलेली छत्री कधीही एकटी सोडायची नाही.

दुसरं कारण हवेच्या पातळपणाचं. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे. पहाटे १८ अंश तापमान असेल तर तिथली हवा इंजिनाला आणि छत्रीला २७०० फुटांवरच्यासारखी वाटते. दुपारी ४० अंशांना तीच हवा ५३०० फुटांवरच्यासारखी होते. जागा तीच, गाडी तीच, पण इंजिनाची ताकद कमी, धाव लांब आणि चढ मंद. जानेवारीत ज्या मैदानावरून दोन माणसं आरामात उठली, तिथून एप्रिलच्या संध्याकाळी बाभळीवरून जाता येईलच असं धरून चालू नका. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्ताआधीचा एक, शिकणाऱ्यासाठी एवढीच वेळ.

८. किती वाऱ्यापर्यंत उडायला हरकत नाही?

विद्यार्थ्यासाठी आम्ही ताशी १० किलोमीटरवर थांबतो. झुळूक आणि शांतता यांत मोठा फरक असेल तर त्याच्याही आधी. एकसारखा वाहणारा वारा परवडतो, उसळणारा परवडत नाही.

फसवणूक होते ती हिवाळ्यातल्या पहाटे. खाली धूर सरळ वर जातो आणि तीन-चारशे फुटांवर चांगला वारा असतो. तुमचा वेग ताशी ४५ किलोमीटर आणि समोरून ३५ चा वारा, म्हणजे जमिनीवर तुम्ही ताशी फक्त १० किलोमीटर सरकता. परत येताना पेट्रोल संपेल. अशा वेळी उंची कमी करा, खाली वारा कमी असतो. पहिला टप्पा नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध उडा, म्हणजे परतीला वारा मदतीला येतो.

डोंगराच्या आडोशाला जाऊ नका. बालाघाटाची किंवा अजिंठ्याची रांग ओलांडून वारा येत असेल तर पलीकडच्या बाजूला हवा गिरक्या घेते. पाटोदा, भूम, वाशीकडच्या पवनचक्क्यांच्या मागेही तसंच. पाती फिरताना सुंदर दिसतात, त्यांच्यामागची ढवळलेली हवा दिसत नाही.

९. उतरताना थ्रॉटल एकदम बंद केला तर काय होतं?

झोका बसतो. ताकद देता तेव्हा गाडी छत्रीच्या थोडी पुढे सरकलेली असते. ताकद एकदम काढली की गाडी मागे झुलते, छत्री पुढे पळते आणि सगळं मिळून नाक खाली घालतं. ३०० फुटांवर हा झोका आपोआप विरतो. ३० फुटांवर विरायला जागा नसते. घाबरून पुन्हा पूर्ण थ्रॉटल दिला तर उलटा झोका, आणि मग झुल्यावर झुला. थ्रॉटलवरचा हात दुधाची कासंडी उचलल्यासारखा चालला पाहिजे.

शेवटी जमिनीपासून आठ-दहा फुटांवर दोन्ही दांडे एकसारखे दाबायचे, म्हणजे उतार मंदावतो. लवकर दाबले आणि घाबरून सोडले तर छत्री पुढे झेपावते आणि गाडी आदळते. लवकर दाबले गेलेच, तर आहेत तिथे धरून ठेवा.

१०. विजेच्या तारा वरून दिसतात का?

नाही, आणि दिसतील असं समजणंच धोक्याचं आहे. खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरायचं, आणि तार नेहमी खांबाच्या वरून ओलांडायची, मधल्या झोळातून नाही. आपल्याकडे विहिरीवर मोटर आहे, मोटरला वीज आहे, म्हणजे जवळपास डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहे आणि डीपीकडे येणारी अकरा केव्हीची लाइन आहे. शेतात विहीर दिसली की तार शोधायची, ही सवय लावून घ्या.

रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा कंबरेच्याही खाली असतात. त्या गाडीच्या पुढच्या चाकाला आणि तुमच्या पायांना लागतात. संक्रांतीच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगर, जालना अशा शहरांच्या जवळपास उडूच नका. नायलॉन मांजा छत्रीच्या बारीक दोरीला कापू शकतो. तारेत अडकल्यावर काय करायचं ते प्रश्न १९ मध्ये आहे.

११. अचानक उतरावं लागलं तर कुठलं शेत निवडायचं?

काढणी झालेलं सोयाबीन किंवा हरभऱ्याचं रान, गायरान, मुरमाड माळ. उभ्या उसात नाही. वरून तो गादीसारखा दिसतो, पण गाडी त्यात डोक्याइतकी खाली जाते आणि तुम्हाला शोधणं अवघड होतं. उभ्या तुरीत आणि पऱ्हाटीतही शक्यतो नको. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा असतात, पुढचं चाक त्यात अडकतं. पाऊस पडून गेला असेल तर चिखलात चाक रुतून गाडी पुढे कोलमडते.

पाण्यापासून लांब राहा. बिनकठड्याच्या विहिरी वरून काळ्या गोल ठिपक्यासारख्या दिसतात. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरतो, पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. जलाशयावरून जायचंच असेल तर इंजिन बंद पडलं तरी काठ गाठता येईल एवढ्याच अंतरावरून. पाण्यात गाडी बुडते, तुम्ही पट्ट्यांनी बांधलेले असता आणि वरून दोऱ्या पडतात. पट्टा कापायचा वाकडा चाकू प्रत्येकाच्या हाताशी हवा. नाथसागरावर तर प्रश्नच नको. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि हिवाळ्यात उठणाऱ्या थव्यात शिरणं तुमच्या आणि पक्ष्यांच्या दोघांच्याही जिवावर बेतेल.

१२. मी पॅराग्लायडिंग शिकलोय. मला कमी तास चालतील ना?

वारा वाचण्यात तुम्ही पुढे असाल. पण तुमच्या हातांना ब्रेक ओढायची सवय आहे. इथे तेच काम पाय करतात आणि हात थ्रॉटलवर असतो. घाबरल्यावर माणूस जुन्याच सवयीकडे जातो. अमेरिकेत या प्रकारच्या स्पोर्ट पायलट परवान्यासाठी किमान १२ तासांचं उड्डाण लागतं, त्यात १० तास प्रशिक्षकासोबत आणि २ तास एकट्याने. शिवाय किमान २० उड्डाणं आणि पूर्ण थांबून उतरणं. "दोन दिवसांत पायलट" असं कुणी सांगत असेल तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

१३. सरांसोबत सगळं नीट जमतं. एकट्याने उडताना वेगळं काय होतं?

गाडी वेगळीच होते. सत्तर-ऐंशी किलो वजन मागच्या सीटवरून उतरलेलं असतं. त्याच थ्रॉटलला ती कितीतरी जोरात चढते, सरळ उडायला कमी ताकद पुरते आणि उतरताना ती तरंगत राहते, जमीन लवकर येत नाही. विद्यार्थी घाबरून थ्रॉटल झटकन कमी करतो आणि प्रश्न ९ मधला झोका ओढवून घेतो.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. छत्री गाडीला जिथे अडकवतात ती जागा वजनाप्रमाणे बदलावी लागते. सर उतरले आणि जागा तीच राहिली तर गाडीचं नाक चुकीच्या कोनात लोंबकळतं. एकट्याच्या पहिल्या उड्डाणाआधी तुम्हाला गाडीत बसवून, गाडी टांगून तो कोन तपासला का, हे विचारा. विचारायला संकोच करू नका.

१४. पंपावरचं साधं पेट्रोल चालतं का?

इंजिनाच्या पुस्तकात इथेनॉलची मर्यादा लिहिलेली असते, ती आधी बघा. रोटॅक्स कंपनीच्या ९१२ मालिकेच्या इंजिनांना कंपनीची मुभा १० टक्क्यांपर्यंत आहे, आणि आता आपल्या पंपांवर सर्रास २० टक्क्यांचं मिश्रण मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, रबरी नळ्या मऊ करतं. कॅनमध्ये महिनाभर ठेवलेलं पेट्रोल वापरू नका. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल ५० ला १ असेल तर ५ लिटरला १०० मिलिलिटर, मापाने घालायचं, अंदाजाने नाही. सुरू केल्यावर इंजिन पूर्ण तापू द्यायचं. गार इंजिनावर पूर्ण ताकद दिली की पिस्टन धरतो आणि तो नेमका चढतानाच धरतो.

१५. जुनी छत्री स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

शिकण्यासाठी नाही. नायलॉन उन्हाने मरतं आणि ते डोळ्यांना कळत नाही. रंग विटला नाही म्हणजे कापड चांगलं, असं नसतं. कापडातून हवा पाझरायला लागली की छत्री उशिरा उठते आणि मागेच रेंगाळते. तपासणीचा कागद मागा. शेतातल्या आखाड्यावर किंवा गोदामात ठेवलेली असेल तर प्रत्येक कप्पा आतून बघा, उंदीर पोत्याइतक्याच सहज छत्रीही कुरतडतो. ओली गुंडाळलेली छत्री बुरसटते.

१६. आभाळ आलंय पण पाऊस नाही. तासभर उडून घेऊ का?

नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. अवकाळीचा ढग वीसेक किलोमीटर लांब असला तरी त्याच्यापुढे गार वाऱ्याचा लोट धावत येतो, आणि तो तुमच्या छत्रीच्या वेगापेक्षा जास्त असतो. क्षितिजावर गडगडाटी ढग दिसला, की छत्री पिशवीत.

१७. परवानगी कुणाची लागते?

विमान उड्डाणाचा कायदा केंद्राचा आहे. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. उड्डाणाचं नियमन डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करतं. पैसे घेऊन हवाई साहसी उपक्रम चालवणाऱ्याने राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रशिक्षणाआधी ती कागदं पाहायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर परत या. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथे विमानतळ आहेत, त्यांच्या हवाई हद्दीत परवानगीशिवाय शिरायचं नाही. मोठ्या नेत्यांचा दौरा, निवडणूक, राष्ट्रीय सण अशा वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली पॅराग्लायडर, मायक्रोलाइट, ड्रोन यांच्यावर बंदीचे आदेश निघतात. पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी विचारा. आणि ज्याच्या रानातून उडता त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय चाक टेकवू नका.

१८. तब्येतीचं आणि विम्याचं काय?

फिट येणं, चक्कर, पाठीच्या मणक्याचा त्रास, गरोदरपण यांत शिकू नका. बीपी किंवा शुगर असेल तर डॉक्टरांशी बोलून मगच. एक गोष्ट आवर्जून सांगतो: उपवासाच्या दिवशी उडू नका. एकादशी असो, नवरात्र असो, रोजा असो, रिकाम्या पोटी आणि पाण्याविना पहाटेच्या गारठ्यात निर्णय उशिरा होतात. इन्सुलिन घेणाऱ्याने तर मुळीच नाही. आदल्या रात्री दारू घेतलेल्याला आम्ही गाडीजवळ येऊ देत नाही.

विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा. आरोग्य विम्यात व्यावसायिक म्हणून साहसी खेळ करणाऱ्याचा खर्च वगळलेला असतो. अपघात विम्यात बऱ्याचदा नियमित विमानाचा प्रवासी सोडून इतर कुठलंही उड्डाण वगळलेलं असतं. आम्ही आयोजकाच्या विम्यात विद्यार्थ्याचं नाव आहे का, ते पाहतो.

१९. तारेत अडकलोच तर काय करायचं?

आधी इंजिन बंद, पेट्रोलची तोटी बंद. गाडी तारेवर लोंबकळत असेल किंवा तार गाडीला चिकटून असेल तर आतच बसून राहा. लाइन ट्रिप होऊन ठिणग्या थांबल्या म्हणजे वीज गेली असं नसतं, ती पुन्हा सोडली जाऊ शकते. धावत येणाऱ्या लोकांना ओरडून लांब ठेवा. छत्री, दोरी, गाडी, कशालाही हात लावू देऊ नका, काठीनेसुद्धा नाही. गाडी जमिनीला टेकलेली आहे आणि पेट घेते आहे, तेवढ्याच वेळी बाहेर पडायचं. तेही गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय जुळवूनच छोट्या उड्या मारत लांब जायचं. मोठी पावलं टाकू नका, कारण दोन पावलांमधल्या जमिनीतूनही शॉक बसतो.

लाइन बंद करायला १९१२, रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. पण सर्वांत लवकर लाइन बंद करतो तो गावातला वायरमन. त्याचा मोबाइल नंबर आमच्या मैदानावरच्या फळ्यावर रोज पहाटे वाऱ्याच्या नोंदीशेजारी लिहिलेला असतो, आणि तो लागतो का हे फोन करून पाहिल्यावरच छत्री पिशवीतून बाहेर काढतो.